टू-व्हील आहे, म्हणून मागे राहायचं का?

या महिन्यात आलेली बरीच पत्रं एकाच विषयावरची आहेत: फोर-बाय-फोरवाल्यांच्या (इंजिनाचा जोर चारही चाकांना मिळणाऱ्या गाड्यांच्या) मेळ्यात टू-व्हील ड्राइव्ह, म्हणजे दोनच चाकांना जोर मिळणारी चारचाकी गाडी घेऊन वावरायचं कसं. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं. बाकीच्यांनी सांभाळून घ्यावं.

काका, नमस्कार. गेल्या दिवाळीत थार घेतली. बजेट बघून मागच्या चाकांवर चालणारी, दीड लिटर डिझेलची घेतली. ऑफ-रोडिंगच्या एका ग्रुपबरोबर जातो. बाकी सगळ्यांकडे फोर-बाय-फोर. चढ आला की ‘तू गाडी इथेच लाव आणि आमच्यात बस’ असं सांगतात. फोटो काढतानासुद्धा माझी गाडी कडेला. मित्र म्हणतात वीक आणि फोर-बाय-फोर घे, बायको म्हणते ग्रुप सोड. हप्ते अजून बरेच आहेत. काय करू?
— एक वाचक, पिंपरी-चिंचवड

गाडी विकू नका. हप्ते चालू असताना चार जणांच्या बोलण्यावरून गाडी बदलायची, हे कुठल्याच हिशेबात बसत नाही. ग्रुपचं काय करायचं ते शेवटी सांगतो.

अकोले तालुक्यात राजूरच्या वर, भंडारदरा धरणाच्या कडेकडेने रतनवाडी, साम्रद, घाटघर ही गावं आहेत. पाऊस तिथे कोसळतो, पडत नाही. त्या पट्ट्यात मी कितीतरी पावसाळे आरोग्य केंद्राची जीप चालवली. जीप टू-व्हील. मागच्या बाकावर कळा येणारी बाई, शेजारी सिस्टर, आणि पुढे भातखाचरांच्या बांधालगत नुसता लाल रेंदा. त्याच वाटेने काळी-पिवळी यायची, तीही टू-व्हील, आत माणसं दाटीवाटीने आणि टपावर दुधाच्या किटल्या. त्यामुळे कच्च्या वाटेवर टू-व्हीलचं काम नाही असं कुणी म्हणालं की मला ते सहन होत नाही. गावाकडच्या माणसांनी ज्या गाड्यांवर पावसाळे काढले, त्यांचा तो अपमान आहे.

आता ट्रॅक्टरकडे बघा. आपल्या शेतांत दिसणारे बहुतेक ट्रॅक्टर टू-व्हील ड्राइव्हच असतात. तरी चिखलणीला ते गुडघाभर गाळात उतरतात आणि खाचर फिरून बाहेर येतात. कारण मागची चाकं मोठी, खोल नक्षीची, आणि चिखलणीला त्यांना लोखंडी केजव्हील लावलेली. वजन मागच्या ॲक्सलवर. कित्येक शेतकरी तर मागच्या टायरांत पाणी भरून ते आणखी वाढवतात. गिअर अगदी हळू. आणि एक चाक जागच्या जागी फिरायला लागलं तर दाबायला डिफरन्शियल लॉकचं पेडल, म्हणजे दोन्ही मागची चाकं एकत्र बांधून बरोबरच फिरवणारी सोय. पकड, वजन, हळू गिअर आणि लॉक, या चार गोष्टी जमल्या की मग चालणारी चाकं दोन की चार हा प्रश्न येतो. तुमची थार या चार गोष्टींवर तपासा.

पकड तुमच्या हातात आहे. कंपनीच्या टायरची नक्षी डांबराकडे झुकणारी असेल तर ती झिजली की त्याच मापाचे ऑल-टेरेन टायर घ्या. तोवर हवेवर काम करा, हे फुकट आहे आणि याच्याइतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. डांबर संपलं की गाडी सपाटीला लावा. व्हॉल्व्हची टोपी काढून खिशात टाका (बोनेटवर ठेवलेली टोपी हरवते), काडीने व्हॉल्व्ह दाबा आणि मधूनमधून गेज लावा. ३०-३२ वर असलेला टायर २०-२२ पीएसआयपर्यंत आणा. आता खाली बसून बघा: टायरची बाजू किंचित फुगलेली दिसते आणि जमिनीला टेकलेला भाग लांब झालेला असतो. मघाशी दगडावरून उडणारं चाक आता त्याला धरून बसतं. डांबरावर परत येताच हवा भरायची, त्यासाठी छोटा कंप्रेसर गाडीत हवाच. कमी हवेवर हायवेला वेगाने गेलात तर टायर तापतो आणि फुटतो.

वजनाच्या बाबतीत मागच्या चाकांची गाडी चढाला फायद्यात असते. चढावर भार मागे सरकतो आणि जोर लावणारी चाकंच दाबली जातात. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी तिथेच हलकी पडते. शिवाय तुमच्या गाडीत ट्रान्सफर केस (पुढच्या चाकांकडे जोर वळवणारी पेटी) नाही, पुढचा डिफरन्शियल नाही, तेवढी ती हलकी आहे. जमिनीपासूनची उंची, पुढचा-मागचा कोन, यांत तुमची थार फोर-बाय-फोर थारपेक्षा कुठेही कमी नाही. मोठे दगड, खोल चर, तुटलेली फरशी, अशा ठिकाणी गाडीची उंची आणि चालवणाऱ्याची नजर कामाला येते. तिथे तुम्हाला कुणी कडेला थांबवत असेल तर विचारा, नेमकं का?

लॉकबद्दल गाडीचं पुस्तक उघडून बघा, व्हेरियंटनुसार सोय बदलते. त्याबद्दल पुढच्या पत्रात सविस्तर लिहिलं आहे.

राहिला हळू गिअर. इथे तुमची गाडी खरंच कमी पडते, आणि याबद्दल ग्रुपमध्ये कुणी बोलत नाही. सगळे चढाची चर्चा करतात. मला विचाराल तर फोर-बाय-फोरची खरी गरज उताराला लागते. लो रेंजमध्ये (फोर-बाय-फोरला असणाऱ्या जास्तीच्या हळू गिअरमध्ये) पहिल्या गिअरवर सोडलेली गाडी ब्रेक न दाबता चालत्या माणसाच्या गतीने उतरते, आणि इंजिनाची रोखून धरणारी ओढ चारही चाकांना मिळते. तुमच्याकडे लो रेंज नाही, आणि इंजिनाची ओढ फक्त मागच्या चाकांना. उतारावर भार पुढे गेल्यामुळे तीच चाकं हलकी झालेली असतात. ओल्या मातीवर ती घसरली की गाडीची शेपटी फिरते आणि गाडी आडवी व्हायला लागते. आडवी झालेली गाडी उलटते. म्हणून कुठल्याही उताराआधी खाली उतरून पायी चालून या. बूट घालून उतरताना तुमचाच पाय सटकत असेल तर त्या उतारावर गाडी घालायची नाही, मग वरून कितीही जण ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणोत.

चढाचाही एक नियम पाठ करून ठेवा. चढ अर्ध्यात तुटला, चाकं फिरायला लागली, तर गाडी वळवायचा प्रयत्न करू नका. रिव्हर्स गिअर टाका, क्लच पूर्ण सोडा आणि आलेल्या चाकोरीतून सरळ मागे या. मागे आल्यावर दुसरी ओळ, म्हणजे चाकं न्यायची दुसरी वाट शोधा. दोनदा प्रयत्न करून जमलं नाही तर तो चढ त्या दिवशी आपला नाही. जास्त जोर घेऊन तिसऱ्यांदा घातलेली गाडी सहसा इंजिनाखालचं तेलाचं चेंबर तरी फोडून घेते, नाहीतर सस्पेन्शन.

तुमच्या ग्रुपमध्ये डकारचं, म्हणजे वाळवंटातल्या त्या मोठ्या मोटार शर्यतीचं कौतुक असेलच. २०१६, २०१७ आणि २०१८ ही तिन्ही वर्षं डकार रॅली प्युजोने जिंकली, ती टू-व्हील ड्राइव्ह गाडीवर. चालवणारा पहिली दोन वर्षं पीटरहान्सेल, तिसऱ्या वर्षी कार्लोस साइन्झ. त्यानंतर २०२० आणि २०२१ मध्ये मिनीची बग्गी जिंकली, तीही टू-व्हील. नियमांनी या गाड्यांना मोठे टायर, जास्त खालीवर होणारं सस्पेन्शन आणि कमी वजन अशी सवलत दिली होती, आणि चालवणाऱ्याला बसल्या जागी टायरची हवा कमी-जास्त करता यायची. म्हणजे पुन्हा टायर, वजन, हवा. आपल्या लाल चिखलाचं वाळवंटाशी नातं नाही हे मला कळतं, पण टू-व्हील म्हणजे ऑफ-रोडच नाही असं म्हणणाऱ्याला हे सांगायला हरकत नाही.

ग्रुपचं असं करा. निघायच्या आधी वाट कुठली, उतार किती, पाणी किती, हे विचारा. तुमच्या गाडीचं काम नाही अशी वाट असेल तर घरूनच सांगा की आज मी कुणाच्या तरी शेजारी बसून येतो. त्यात कमीपणा नाही, शेजारी बसून ओळ वाचायला फार छान शिकता येतं. बाकीच्या दिवशी गाडी लावा आणि चालवा. वर्षभर असं करूनही त्यांना तुमच्या गाडीच्या बिल्ल्यापलीकडे काही दिसलं नाही, तर मग वहिनींचं ऐका.

दादा, आमची काजूची बाग कुडाळपासून आत आहे. जांभ्याची वाट, मधे पावसाने पडलेला चर. त्यात आमच्या बोलेरोचं डावं मागचं चाक अधांतरी होतं आणि फरफर फिरत राहतं. उजवं चाक दगडावर घट्ट टेकलेलं असून हलत नाही. गॅरेजवाले म्हणतात गाडीत काही बिघाड नाही. मग असं का होतं?
— एक वाचक, सिंधुदुर्ग

ताई, गॅरेजवाले बरोबर सांगताहेत. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन्ही मागच्या चाकांच्या मधे डिफरन्शियल असतो. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. हवेतल्या चाकाला फिरायला काहीच जोर लागत नाही, म्हणून दुसऱ्या चाकालाही जवळजवळ काहीच मिळत नाही. ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी हवेतलंच चाक जोरात फिरणार.

तुमच्या बोलेरोला हँडब्रेक मागच्या चाकांवर आहे, त्याचा उपयोग करा. पहिला गिअर, अगदी हलका ॲक्सिलरेटर, आणि हँडब्रेकचं बटण अंगठ्याने दाबून धरून दांडा हळूहळू दोन-तीन दातांइतका वर ओढा. ब्रेकमुळे हवेतल्या चाकाला फिरणं जड जातं, तेवढाच जोर जमिनीवरच्या चाकाला मिळतो, आणि बऱ्याचदा गाडी एक हिसका देऊन चरातून बाहेर पडते. बाहेर पडली की लगेच दांडा खाली. बटण सोडायचं नाही, नाहीतर दांडा वरच अडकून राहतो. दोन-चार सेकंदांत काही झालं नाही तर थांबा, रेटत बसलात तर ड्रम तापतात. नव्या गाड्यांत हेच काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होतं, फिरणाऱ्या चाकाला गाडी स्वतःच ब्रेक लावते. बोलेरो निओच्या एन-टेन ऑप्शनल व्हेरियंटला तर मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल दिलेला होता. गाडी बदलायची वेळ येईल तेव्हा ही सोय आवर्जून विचारा. बागायतदाराला तिचा उपयोग रोजचा आहे.

चरात गाडी तिरकी घालू नका. तिरकी घातली की एक चाक खाली, एक वर, आणि नेमकं तुम्ही लिहिलंय तेच होतं. बंपर लागत नसेल तर सरळ घाला, म्हणजे दोन्ही मागची चाकं एकदमच उतरतील आणि एकदमच चढतील.

आणि वाट रोजचीच आहे तर चरच बुजवा ना. मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी, चिऱ्यांचे तुकडे नीट ठोकून बसवा, वर मुरूम टाका आणि पाणी वाहून जायला वरच्या अंगाला पाट काढा किंवा खाली पाइप घालून मोरी करा. पाण्याला दुसरी वाट दिली नाही तर पहिल्याच पावसात सगळं वाहून जाईल.

आम्ही नाशिकचे सहा-सात जण, सगळ्यांच्या गाड्या फोर-बाय-फोर. एक मित्र टू-व्हील स्कॉर्पिओ घेऊन येतो. माणूस चांगला आहे, पण दर वेळी त्याला ओढून काढण्यात अर्धा दिवस जातो. न दुखावता त्याला कसं सांगावं?
— एक वाचक, नाशिक

आधी मला सांगा, त्याची गाडी रांगेत कितवी असते? तुम्ही लिहिलेलं नाही, पण बहुतेक शेवटी असणार. पाच-सहा फोर-बाय-फोर गेल्यावर त्या वाटेचं काय होतं ते उतरून बघा. चाकोऱ्या खोल गेलेल्या, मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागेल इतका वर आलेला, आणि चिखल घोटून घोटून लोण्यासारखा झालेला. सगळ्यात कमी पकड असलेल्या गाडीला तुम्ही सगळ्यात वाईट वाट देता आणि ती अडकते म्हणून वैतागता. हा त्याच्यावर अन्याय आहे.

पुढच्या वेळी त्याला दुसऱ्या नंबरवर घ्या. पुढे तुमच्यातला सर्वांत अनुभवी, तोही जपून जाणारा, चाकं घुमवणारा नको. त्याच्या मागे विंच (तारेने गाडी ओढून काढणारं यंत्र) असलेली गाडी. वाट ठरवतानाच अवघड टप्प्याला वळसा आहे का ते नकाशावर आणि गावात विचारून बघा. गुराखी पोरांना सगळ्या वाटा माहीत असतात. एवढं करूनही जी वाट त्याला झेपणारी नसेल, ती आदल्या दिवशी फोन करून सांगा. चढाच्या पायथ्याशी, सगळ्यांसमोर सांगू नका. दुखतं ते त्याने.

ओढून काढताना घाई करता का? दोर नेहमी कंपनीने दिलेल्या टो-हुकालाच लावा. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला कधीच नाही, तो तुटला तर तोफगोळ्यासारखा सुटतो आणि माणसं दगावतात. झटका द्यायचा असेल तर ताणला जाणारा कायनेटिक दोर हवा, नुसत्या पट्ट्याने किंवा साखळीने झटका देऊ नये. दोराच्या मधोमध जाड चादर किंवा ओलं पोतं टाका, म्हणजे तुटला तरी तो खाली पडतो. गाडीत एकच माणूस, बाकी सगळे दोराच्या लांबीपेक्षा जास्त लांब. फोटो काढणारासुद्धा. आणि ओढायच्या आधी फावड्याने चाकापुढचा चिखल काढा. पाच मिनिटं खोदलं तर निम्म्या वेळा दोराची गरजच पडत नाही.

बोलेरोला फोर-बाय-फोर करून देतो असं इथला एक कारागीर म्हणतो. जुनी ट्रान्सफर केस आणि पुढचा ॲक्सल टाकून मिळेल. करावं का? आमच्याकडे काळी माती, पावसात शेतापर्यंत गाडी जात नाही.
— एक वाचक, लातूर

करू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी पहिला हाच मुद्दा काढेल. शिवाय पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर तंतोतंत जुळलं नाही तर ट्रान्सफर केस फुटते, आणि जुन्या सामानात ते जुळवणं सोपं नसतं.

काळ्या मातीचं म्हणाल तर तिथे फोर-बाय-फोरसुद्धा हात टेकते. ओली काळी माती टायरच्या नक्षीत भरून बसते, चाकाचा गुळगुळीत गोळा होतो आणि मडगार्डपर्यंत चिखल दाटतो. चार गोळे फिरले काय आणि दोन फिरले काय. ऊन पडून वरचा थर वाळेपर्यंत थांबणं एवढंच करता येतं. ॲक्सलवर घालणार होता त्या पैशात पाणंद रस्त्यावर मुरमाच्या काही खेपा टाका, शेजारचे शेतकरीही हातभार लावतील.

दापोलीला जाणार आहोत. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी एसयूव्ही आहे. कर्द्याच्या वाळूत हवा कमी करून नेली तर चालेल का?
— एक वाचक, पुणे

नाही. तुमचीही नाही आणि फोर-बाय-फोरही नाही. ओली वाळू वरून घट्ट दिसते, गाडी थांबली की चाकाखालून पाणी सुटतं आणि ती बसायला लागते. तेवढ्यात भरती फिरली तर ट्रॅक्टर येईपर्यंत इंजिनात खारं पाणी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर पाणी बघता बघता चढतं. त्याच किनारपट्टीवर आंजर्ल्याला आणि वेळासला हिवाळ्यात समुद्री कासवं अंडी घालायला येतात, ती वाळूखाली पुरलेली असतात आणि वरून काही दिसत नाही. गावातली माणसं रात्र रात्र जागून ती घरटी राखतात. गाडी सुरूच्या बनापलीकडे, रस्त्याच्या कडेला लावा आणि वाळूवर चालत जा.